‘फॅटी लिव्हर रक्तातच असतं’ म्हणून हात टेकू नका

लातूर, नांदेड, परभणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांचं फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात जास्त चरबी साचणं, आनुवंशिक असतं, आईवडिलांकडून आलेलं काही केल्या जात नाही, बारीक मुलांना ते होत नाही, खात्री हवी तर जीन टेस्ट करा, आणि 21 दिवस गुळवेलीचा काढा द्या. मुलांवर उपचार करणारी डॉक्टर म्हणून मला याला उत्तर देणं भाग आहे. असं काही वाचून पालक मुलाची तपासणीच सोडून देतात.

आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरं. 2008 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या लोकांच्या अभ्यासातून पीएनपीएलए-3 या जनुकातला एक बदल पुढे आला. त्यातून बनणाऱ्या प्रथिनात 148 व्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं. हे प्रथिन यकृताच्या पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर बसतं. बदललेलं प्रथिन तिथून लवकर हटत नाही, साचत जातं आणि चरबी मोकळी होऊ देत नाही. आई आणि वडील दोघांकडून हाच बदल आला, तर जोखीम आणखी वाढते.

पण हा बदल घेऊन जन्मलेल्या कितीतरी माणसांचं यकृत आयुष्यभर ठणठणीत राहतं. फरक कशाने पडतो, हे 2010 मधल्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्या जादा वजनाच्या हिस्पॅनिक मुलांमध्ये ज्यांच्याकडे या बदलाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून) होत्या, त्यांच्या आहारात साखर जितकी जास्त, तितकी यकृतात चरबी जास्त होती. बाकीच्या मुलांत असा संबंध दिसला नाही. म्हणजे ज्या घरात हा आजार आहे, तिथल्या मुलाला कोल्ड्रिंक आणि क्रीमरोल शेजारच्या मुलापेक्षा जास्त बाधू शकतात. अशा घरानं तर साखर सगळ्यात आधी कमी करायला हवी.

आणि कमी केल्यानं फरक पडतो. 2019 मध्ये 11 ते 16 वर्षांच्या, फॅटी लिव्हर असलेल्या 40 मुलग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आहारातून वरून घातलेली साखर जवळजवळ काढून टाकली. 8 आठवड्यांत त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची 21 वरून जेमतेम 20 वर. यात जेवण एकट्या मुलाचं नाही, अख्ख्या घराचं बदललं होतं. मुलाच्या ताटात भाकरी आणि मोठ्यांच्या हातात मिरिंडा, असं करून चालत नाही. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलांचं तर अवघडच आहे: दिवसभर बसणं, मेसचा डबा, मध्ये चहा-बिस्किटं. त्यांच्या आईवडिलांनी फोनवर मार्कांसोबत खाण्याचंही विचारावं.

‘बारीक मुलांना होत नाही’ हे चूक आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं नवजात बाळं मोजली. सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे 3.5. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. अंगकाठीवरून आतल्या चरबीचा अंदाज बांधता येत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट ही, की बारीक मुलाच्या सोनोग्राफीत चरबी दिसली किंवा रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं आलं, तर विल्सनचा आजार नाही ना, हे बघावंच लागतं. यात एटीपी-7-बी हे जनुक बिघडल्यानं तांबं यकृतात साचतं आणि पुढे मेंदूवरही परिणाम होतो. आजार दिसायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं. हा आजार संपूर्णपणे आनुवंशिक आहे आणि तरीही त्याला औषध आहे: पेनिसिलमाइन, जस्त. वेळेत सुरू केलं आणि आयुष्यभर चालू ठेवलं तर मूल चांगलं जगतं. एका मुलात सापडला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला 25 टक्के शक्यता असते, म्हणून ती सगळी तपासायची. ‘आनुवंशिक म्हणजे इलाज नाही’ हे वाक्य इथे मुलाचा जीव घेऊ शकतं.

साध्या फॅटी लिव्हरसाठी जीन टेस्टवर पैसे घालवू नका. तिच्या निकालानं आज उपचार बदलत नाहीत.

गुळवेलीचा काढा तर नकोच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे.

करायचं ते सोपं आहे. मूल 9 ते 11 वर्षांचं आणि लठ्ठ असेल, किंवा वजन जास्त आणि घरात मधुमेह वा फॅटी लिव्हर असेल, तर एसजीपीटी करून घ्या. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा बऱ्याचदा 40 च्या आसपास छापलेली असते. 2017 च्या उत्तर अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत मात्र ती मुलींसाठी 22 आणि मुलग्यांसाठी 26 आहे. आकडा 80 च्या वर असेल तर थांबू नका, तो कागद त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.