शेव्हेलचे ४५० घोडे आणि तुमची वजाबाकी

‘१९७०ची ४५० अश्वशक्तीची शेव्हेल ३३२ अश्वशक्तीच्या निसान ३७०झेडपुढे फिकी कशी पडेल? साधी वजाबाकी येत नाही का?’ असं तुम्ही माझ्या लेखावर विचारलंय, ज्यात मी शेव्हर्लेच्या जुन्या अमेरिकन शेव्हेलची तुलना निसानच्या जपानी स्पोर्ट्स कारशी, ३७०झेडशी केली होती. येते हो. पण दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले हवेत ना?

त्या काळी अमेरिकेत इंजिन नुसतं टेस्ट बेंचवर चढवून मोजायचे. एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. हा ‘ग्रॉस’ आकडा. १९७२पासून सगळं लटांबर लावून मोजायला लागले, तो ‘नेट’. मधल्या १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही छापले आणि पितळ उघडं पडलं: त्यांच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधलं ४५४ घन इंचांचं एलएस५ इंजिन ग्रॉस ३६५, नेट २८५. इंजिन तेच, साल तेच, ऐंशी घोडे कागदावरच गेले. झेडचे ३३२ नेट आहेत. तेव्हा तुमच्या ४५०ला आधी तशी कात्री लावा, मग बोलू.

मी चालवलेल्या गाडीत ते ४५०वालं इंजिन नव्हतंच, हा तुमचा दुसरा मुद्दा मात्र मान्य. इथे मिशिगनमध्ये शेजारच्या म्हातारबुवांची जी शेव्हेल मी चालवली, ती एलएस५, म्हणजे ३६० ग्रॉसवाली. आणि लेखात आकडे टाकले एलएस६चे, म्हणजे ४५०वाल्या इंजिनचे. चूक माझी, दुरुस्त केलीय.

पण त्या गाडीची मी टर उडवली, हे काही खरं नाही. रविवारी सकाळी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर क्लच दाबून दाबून डावी मांडी भरून आली होती. सिग्नलला आरसा असा थरथरत होता की मागची एक गाडी दोन दिसावी. हिरवा झाल्यावर पाय जरा जास्त पडला, तर मागची चाकं जागीच गरगरली, गाडी तिरकी झाली आणि म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, “ईझी.” ७.४ लिटरच्या (म्हणजे त्याच ४५४ घन इंचांच्या) इंजिनाचा तो कमी फेऱ्यांवरच येणारा टॉर्क, म्हणजे ओढ, झेडमध्ये नाही. तिला मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या वर पिळावं लागतं.

‘टायर बदलून बघा’ म्हणता. बरोबर आहे, जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरांऐवजी रेडियल घातले तर बराच फरक पडेल. पण मग मागचे ड्रम ब्रेक, अखंड मागचा अ‍ॅक्सल, मध्यावर बोटभर सैल स्टिअरिंग, तेही बदलायचं? मग १९७०चं उरलं काय, रंग?

आणि जपानी गाडीची जाहिरात म्हणाल, तर झेड माझी नाही, मित्राची आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, त्या ड्रीम क्रूझला म्हातारबुवा शेव्हेल काढणार आहेत. त्या गर्दीत सगळेच मुंगीच्या पावलांनी सरकतात, त्यामुळे तिथे झेड हरणार, हे आत्ताच लिहून देतो.