उष्टं वेगळं, उरलेलं वेगळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

मोठ्या मॅचला वाया जाणाऱ्या अन्नावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार, राग वगैरे अजिबात नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या मॅचला अन्न वाया जातं ते प्रेक्षकांना शिस्त नाही म्हणून, आयोजकांना बोल लावून काय होणार, दंड लावा, राहिलेलं गरजूंना वाटा, बाकीचं खतात घाला, झालं. शिवाय विघटन होणाऱ्या प्लेट्सचं मी उगाच कौतुक केलं असंही म्हणालात, त्यावर शेवटी येतो.

आधी शिस्तीचं. २०२१ साली झालेलं टोकियो ऑलिंपिक आठवा, कोरोनामुळे जवळपास सगळ्या स्पर्धा रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या. मग अन्न वाया घालवायला होतं कोण तिथे? तरी उद्घाटनाच्या एकाच दिवशी मुख्य स्टेडियममध्ये सुमारे ४,००० जेवणाचे डबे टाकून दिले गेले, आणि पुढे आयोजकांनीच मान्य केलं की महिनाभरात २० ठिकाणी मिळून साधारण १,३०,००० जेवणं वाया गेली. स्टाफ आणि स्वयंसेवकांसाठी मागवलेल्या दर चार डब्यांतला एक! हे उष्टं नाही हो, हे उरलेलं आहे. माझा सगळा मुद्दा या फरकावरच आहे, कारण उष्टं खाणाऱ्याच्या हातात असतं आणि उरलेलं मागवणाऱ्याच्या.

आता हे उरतं कसं ते बघा. हजार स्वयंसेवकांची यादी असते, त्यातले सगळे येत नाहीत, जे येतात त्यांची शिफ्ट बदलते, काहींना जेवायला वेळच मिळत नाही, पण आकडा आठवडाभर आधी दिलेला असतो आणि तो कमी करायची जबाबदारी कुणाचीच नसते, उलट जेवण कमी पडलं तर बोलणी खायला लागतात म्हणून प्रत्येक जण आपल्या पातळीवर थोडं थोडं वाढवून सांगतो. व्हीआयपी बॉक्समधल्या बुफेचं तर विचारूच नका, शेवटच्या मिनिटापर्यंत भांडी भरलेलीच दिसायला हवीत असा हट्ट असतो. म्हणून मी म्हणत होतो की किचन, स्टाफ, बॉक्स आणि प्रेक्षक यांचा कचरा वेगवेगळा वजन करा, एकदा आकडे समोर आले की पुढच्या मॅचची ऑर्डर आपोआप खाली येते, आणि शेवटच्या टप्प्यात ट्रे भरून ठेवण्यापेक्षा मागणी येईल तसं थोडं थोडं बनवा.

गरजूंना वाटा, हे मलाही मनापासून पटतं, रिओला २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये इटलीचे शेफ मास्सिमो बोत्तुरा यांनी अशाच वाचलेल्या अन्नातून गरजूंसाठी जेवणघर उभं केलं होतं. पण शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांहून जास्त राहिलं की ते कुणाला देणं धोक्याचं. मॅच रात्री संपते. तेव्हा झटपट थंड करायची सोय, गाडी आणि घेणारी संस्था आधीपासून ठरलेली नसेल तर चांगलं अन्नही फेकावंच लागतं.

आणि खत. एका फुटबॉल मॅचला मी स्वतः कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा होतो. हाफटाइम १५ मिनिटांचा, तीन रंगांचे तीन डबे, लोकांच्या एका हातात ग्लास, दुसऱ्यात प्लेट, मागून ढकलाढकली. एक काका खरंच थांबले, पाटी वाचायला लागले, मागच्याने "चला ना" म्हटल्यावर त्यांनी अर्धं सँडविच, टिश्यू, सॉसची चकचकीत पुडी सगळं एकाच डब्यात टाकलं आणि माझ्याकडे ओशाळून बघितलं. दंड कुणाला करायचा, त्यांना? त्या रात्री ओल्या कचऱ्याच्या पिशव्या उघडल्या तर न कुजणाऱ्या अशा पुड्या नसलेली एकही पिशवी निघाली नाही, आणि अशा पिशव्या खतवाले परत पाठवतात. सॉस पुडीऐवजी पंपाच्या बाटलीतून दिला असता तर हा प्रश्नच आला नसता. लंडनला २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये डब्यांच्या रंगाशी जुळणारं पॅकेजिंग होतं, लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, काहीही जाऊ दिलं नाही, तरीही पुनर्वापर, रिसायकल आणि खत मिळून ७० टक्क्यांचं लक्ष्य असताना ६२ वरच थांबले. टोकियोतल्या फेकलेल्या जेवणांचंही पुढे पशुखाद्य आणि बायोगॅस झालं म्हणे. कचऱ्यात कुजून मिथेन वायू हवेत सुटण्यापेक्षा ते बरंच, पण माणसासाठी शिजवलेलं अन्न होतं ते, त्यात गेलेलं पाणी, गॅस, मेहनत काही परत येत नाही.

प्लेट्सबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, शंभर टक्के. त्यातल्या पीएलए, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या, प्लास्टिकच्या प्लेट्स कुजायला साठ अंशांच्या आसपास चालणारा मोठा खताचा प्लांट लागतो, साध्या खड्ड्यात त्या वर्ष वर्ष तशाच राहतात, आणि हे मी लिहायला हवं होतं. तो परिच्छेद आज बदललाय, धुवून परत वापरता येणाऱ्या डिपॉझिटवाल्या ग्लास-प्लेट्सचं त्यात घातलंय. वेळ मिळाला की तेवढा भाग पुन्हा वाचा आणि अजून काही चुकलं असेल तर असंच स्पष्ट सांगा.