शर्यतीत कान मोकळे हवेत

रस्त्यावरच्या शर्यतीत कान बंद करणारे हेडफोन, इअरबड्स घालून धावायला परवानगी नसावी, असं माझं ठाम मत आहे. गाणी कुणी ऐकावीत, कुणी ऐकू नयेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हजारो लोकांमध्ये धावताना स्वतःचे कान बंद करण्याचा हक्क कुणाला नाही. दरवर्षी सीझन आला की हा वाद होतो आणि तो दर वेळी 'खरा रनर गाणी ऐकतो का' या फाट्यावर जाऊन अडकतो. मला त्या फाट्यावर जायचंच नाही.

मी हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) पेसर म्हणून धावते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचायच्या वेगानं धावून इतरांना सोबत नेते. पाठीवर वेळेचा झेंडा आणि मागे आपल्या भाषेत 'बस', म्हणजे त्या वेळेत पोचायचं म्हणून सोबत धावणारा घोळका. पेसरचं काम घड्याळ सांभाळायचं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात निम्मं काम बोलण्याचं असतं. "पुढे खड्डा, डावीकडे या." "स्पीडब्रेकर आहे." "पाणी उजव्या हाताला, घाई करू नका, पुढच्या टेबलवरही आहे." "चढ आला, पावलं छोटी करा." पुढच्या ओळीनं ऐकायचं आणि मागच्या ओळीला सांगायचं, अशी ही साखळी चालते. त्यात चौघांनी कान बंद केलेले असले की साखळी तिथे तुटते. त्यांना खड्डा कळतो तो समोरचा माणूस एकदम बाजूला झाल्यावर, आणि मग ते जे वळतात ते थेट शेजारच्याच्या पायात. पडतो तो बहुतेक वेळा शेजारचाच.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी केली आहे त्यांना जास्त सांगायला नको. पोलीस परेड ग्राउंडवरून सुटायचं, गावातून बोगद्याकडे यायचं, मग यवतेश्वरचा घाट. कासच्या रस्त्यानं वर जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं. म्हणजे एकाच घाटरस्त्यावर काही जण मान खाली घालून चढत असतात आणि काही जण उतारावर सुसाट सुटलेले असतात. दिवस पावसाळ्याचे. डांबर ओलं, कधी धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नाही. उतारावर वेग घेतलेल्या माणसाला जागच्या जागी थांबता येत नाही. गुडघ्यांवर सगळा भार आलेला असतो, पाय घसरायची भीती असते. त्याच्याजवळ एकच उपाय असतो, ओरडणं. "साइड, साइड!" ज्याला ते ऐकू येतं तो नुसता अर्धा फूट सरकतो आणि दोघंही वाचतात. घाटात वळणापलीकडचं डोळ्यांना दिसत नाही, कानांना मात्र आधी कळतं. रुग्णवाहिकेचंही तसंच.

एका शर्यतीत (नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं) मागून रुग्णवाहिका आली. सायरन चालू. रस्त्याचा अर्धा भाग वाहनांना खुला होता आणि तिथे गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून ड्रायव्हरनं ती आमच्या बाजूनं घातली. आम्ही सगळे भराभर कडेला झालो. एक मुलगा मात्र रस्त्याच्या मधोमध, स्वतःच्या तालात. चांगला धावत होता. हॉर्न झाला, सायरन होता, आम्ही दहा-पंधरा जण ओरडत होतो. शेवटी एका स्वयंसेवकानं पळत जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला ओढलं. गाडी पुढे गेली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं, आत झोपवलेल्या माणसाच्या छातीवरही बिब (धावपटूचा नंबर) होता. तो मुलगा खरोखर घाबरला, सगळ्यांना सॉरी म्हणाला. तो बेफिकीर नव्हता, त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. त्याला बोलून उपयोग नाही. नियम हवा होता आणि तो कुणीतरी स्टार्ट लाइनवरच सांगायला हवा होता.

आता लोक म्हणतात, "आवाज कमी ठेवतो की." आजच्या बड्सच्या बाबतीत आवाज कमी ठेवूनही प्रश्न सुटत नाही. नॉइज कॅन्सलेशन म्हणजे बाहेरचा आवाज मायक्रोफोननं टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडायची. हे तंत्र सगळ्यांत चांगलं चालतं ते सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर. विमानातली घरघर, एसी, इंजिन. म्हणजे मागून येणाऱ्या टेम्पोची जी घरघर तुम्हाला सावध करणार, तीच सगळ्यांत आधी पुसली जाते. उरलेले वरच्या पट्टीतले आवाज कानाच्या नळीत घट्ट बसलेलं रबर अडवतं. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. तुम्ही मान वळवून बघेपर्यंत ती तुमच्यापाशी पोचलेली असते. बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड असतो हे मला माहीत आहे. पण तो चालू आहे की बंद, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. स्वयंसेवकानं प्रत्येकाला थांबवून विचारायचं का?

नियमांचं म्हणाल तर इतरांनी हे आधीच हाताळून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक्स महासंघानं २००७ मध्ये शर्यतीत गाणी ऐकायच्या उपकरणांवर सरसकट बंदी घातली. हजारो हौशी लोकांनी ती जुमानली नाही. तेवढ्या लोकांना बाद कोण करणार? २००८ च्या अखेरीस नियम सैल झाला आणि बंदी विजेतेपदासाठी, बक्षिसासाठी धावणाऱ्यांपुरती उरली. २००९ मध्ये मिलवॉकीच्या लेकफ्रंट मॅरेथॉनमध्ये एका बाईंचं पहिलं बक्षीस वाटेत काही वेळ आयपॉड वापरल्यामुळे गेलंसुद्धा. ब्रिटननं वेगळा मार्ग धरला आणि मला तोच पटतो. तिथल्या २०१६ च्या नियमानुसार, ज्या शर्यतीत रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद नाही तिथे कानात घालायचे हेडफोन चालत नाहीत, हाडातून आवाज पोचवणारे, बोन कंडक्शनचे मात्र चालतात. म्हणजे नियम रस्त्याकडे बघून केला आहे. कोल्हापूर-पुण्यातले कितीतरी जण आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत) करून आले आहेत. त्यांना विचारा. तिथे सायकल आणि धावणं, दोन्हींत हेडफोन बाद. तरीही ही माणसं दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ गाण्यांशिवाय काढतात.

बोन कंडक्शनमध्ये आवाज कानासमोरच्या हाडावर कंप देऊन आतल्या कानापर्यंत पोचतो आणि कानाची नळी मोकळी राहते. ज्यांना गाणी हवीतच त्यांनी हे वापरावेत, माझी हरकत नाही. मोठ्या आवाजात लावले तर त्यातही लक्ष जातं, हे खरं. पण हाक ऐकू येते.

बक्षिसाचं थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या शर्यतींत माण-खटावची, नाशिकच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं-मुली बक्षिसाच्या रकमेसाठी येतात, रात्रभर एसटीनं प्रवास करून. जिथे पैसे लागलेले आहेत तिथे कुणाच्याही कानात काही नसावं. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचे नियमही स्पर्धकाला शर्यतीत असली उपकरणं वापरू देत नाहीत. वयोगटांची बक्षिसं देणाऱ्यांनीही हे पाळावं.

संगीतानं धावणं सोपं वाटतं, यात शंका नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागेऑर्घिस यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. हलक्या आणि मध्यम वेगात संगीतामुळे दमल्याची जाणीव साधारण १० टक्क्यांनी कमी होते, असं त्यातून दिसतं. पण जोर खूप वाढला की शरीराची हाक इतकी मोठी होते की गाणं ती झाकू शकत नाही. म्हणजे शेवटच्या चार किलोमीटरमध्ये, जिथे मदत हवी असते, तिथेच गाण्याचा हात सुटायला लागतो. आणि तिथेच माणसांचा आवाज कामाला येतो.

मुंबई मॅरेथॉन आठवा. मांड्या दगड झालेल्या असताना परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. त्या चढावर रविवारची झोप मोडून आलेली माणसं उभी असतात. आजी-आजोबा, सोसायटीची पोरं, संत्र्याच्या फोडी आणि चिक्की हातावर घेऊन. बिबवरचं नाव वाचतात आणि हाक मारतात. "चल गं, आता उतारच आहे!" ज्यांनी तुम्हाला आयुष्यात कधी पाहिलं नाही ती माणसं तुमचं नाव घेतात. कुठे ढोल-ताशा, कुठे लेझीम, कुठे शाळेचं बँड पथक. पहाटेपासून हे सगळे तुमच्यासाठी उभे आहेत, आणि तुम्ही घरी ट्रेडमिलवर ऐकता तीच प्लेलिस्ट लावून त्यांच्यासमोरून जाता. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच रस्त्यावर दृष्टिहीन धावपटू आपल्या सोबत्याच्या हाताला दोरी बांधून धावत असतात. त्यांचा सोबती पुढच्यांकडे सतत वाट मागत असतो, आणि त्या दोघांचा सगळा भरवसा समोरच्याला ते ऐकू येण्यावर असतो.

"मग कर्णबधिर लोकांनी धावायचंच नाही का?" हा प्रश्न मला एका मैत्रिणीनं विचारला आणि तो योग्यच आहे. त्यांनी जरूर धावावं. ऐकू न येण्याशी त्यांनी जन्मभर जुळवून घेतलेलं असतं. नजर फिरती असते, दर थोड्या वेळानं मागे बघायची सवय अंगात मुरलेली असते. इअरबड घालणाऱ्यानं यातलं काहीच शिकलेलं नसतं. त्याला वाटत असतं, आपल्याला ऐकू येतंय.

बायकांचा मुद्दा मात्र मी बाजूला सारणार नाही. आमच्यापैकी कितीतरी जणी सरावाला जाताना इअरफोन घालतात आणि गाणी बंद ठेवतात. रस्त्यावरच्या शेऱ्यांना 'मला ऐकू आलं नाही' असं दाखवता यावं म्हणून. शर्यतीत सगळ्यांत मागच्या गटातल्या बाईला हे पुन्हा भोगावं लागतं. तोवर रस्ता खुला केलेला असतो, स्वयंसेवक टेबलं आवरत असतात, पाणी संपलेलं असतं, दुचाकीवाले काहीबाही बोलत जातात. तिला बड्स काढायला सांगायचे तर आयोजकांनी कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची शेवटची वेळ, होईपर्यंत रस्ता सांभाळला पाहिजे. शेवटच्या माणसासोबत स्वीपर (सगळ्यांच्या मागे राहून सोबत करणारा) पाहिजेच, आणि तो बोलणारा हवा.

आयोजकांनी आणखी एक करावं. स्टार्टला भिंतीएवढे स्पीकर लावून डीजे वाजवता, त्यात सूचना कुणालाही ऐकू जात नाहीत. शेवटची १० मिनिटं तो बंद ठेवा. मार्ग कुठे खुला आहे, रुग्णवाहिका कोणत्या बाजूनं येईल, हे मराठीत आणि हिंदीत सांगा. नियम नोंदणीच्या फॉर्मवर तिसाव्या ओळीत दडवू नका, बिब देताना तोंडी सांगा. आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून धावणाऱ्यांनाही थांबवा. हेडफोनला बंदी म्हणून आख्ख्या बसला तुमची आवड ऐकवायची, हे चालणार नाही.

पहिल्याच वर्षी कुणाला बाद करा असं मी म्हणत नाही. पहिल्या किलोमीटरला स्वयंसेवक उभे करून 'काढा' एवढं सांगितलं तरी बहुतेक लोक काढतील. आपली माणसं सांगितलं तर ऐकतात, पेसर म्हणून हे मी रोज बघते. आमच्या ग्रुपच्या पेसर्सनी ठरवलं आहे की येत्या सीझनपासून बस सुटण्याआधी सगळ्यांना बड्स काढून खिशात ठेवायला सांगायचं. ज्यांना ठेवायचेच असतील त्यांनी बसच्या मागे, कडेनं धावावं. तुमच्या ग्रुपमध्ये काय करता ते खाली लिहा. मागच्या गटात धावणाऱ्यांनी तर नक्की लिहा, कारण या नियमाची सगळ्यांत जास्त झळ तुम्हालाच बसणार आहे.