पाल्मेइरास गद्दारांचा क्लब? साफ खोटं

काल पुतण्याने मोबाइल पुढे धरला. त्यांच्या तालमीच्या फुटबॉल ग्रुपवर ब्राझीलच्या पाल्मेइरास क्लबबद्दल एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय : इटालियन मजुरांचा हा क्लब मुसोलिनीने काढायला लावला, महायुद्धात गद्दारी उघडी पडल्यावर नाव बदलून लपला, आणि परक्यांचे क्लब कधी देशाचे होत नाहीत. "काका, खरं हाय काय हे?" पोराच्या तोंडून हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

क्लब साओ पावलोत २६ ऑगस्ट १९१४ रोजी स्थापन झाला. तेव्हा मुसोलिनी 'अवांती' या समाजवादी वृत्तपत्राचा संपादक होता. सत्ता त्याला १९२२ साली मिळाली. मेसेज लिहिणाऱ्याने नुसती सनावळी पाहिली असती तरी पुरे होतं.

संस्थापकांत सगळेच अंगमेहनतीचे मजूर नव्हते, साओ पावलोतले इटालियन उद्योगपती मातारात्सो यांच्या कारखान्यांतले नोकरदारही होते. आणि पुढे खुद्द मातारात्सोंनी मुसोलिनीला पाठिंबा दिला, हे मान्य करावं लागतं. पण मालकाच्या राजकारणापायी अख्खी वस्ती गद्दार कशी ठरते?

आता नावाचं. मूळ नाव पालेस्त्रा इतालिया. पालेस्त्रा हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ कुस्ती-व्यायामाची जागा, म्हणजे आपली तालीमच. 'पाटाकडील तालीम'चा फुटबॉल बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला यात परकं काय वाटावं? १९४२ साली ब्राझील मित्रराष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरलं आणि शत्रुराष्ट्रांशी नातं सांगणारी नावं सरकारी दडपणाने बदलावी लागली. बेलो होरिझोन्तेचा दुसरा पालेस्त्रा इतालिया त्याच वर्षी बदलला, आज तो क्रुझेइरो. साओ पावलोचा जर्मनांचा जेर्मानिया तर आधीच पिन्हेइरोस झाला होता. या सगळ्यांनीच गद्दारी केली होती का?

इकडे आधी 'इतालिया' काढून 'पालेस्त्रा दि साओ पावलो' केलं. तेही चालेना, म्हणून सप्टेंबरात पाल्मेइरास. लपला म्हणता? २० सप्टेंबर १९४२ रोजी पाकाएम्बू स्टेडियमवर साओ पावलो एफसीविरुद्ध, विजेतेपद ठरवणारी मॅच होती. नव्या नावाची पहिलीच. खेळाडू ब्राझीलचा झेंडा हातात धरून मैदानात आले, सोबत ब्राझीलच्या सैन्यातले कॅप्टन आदाल्बेर्तो मेंदेस. ३-१ अशी आघाडी असताना पाल्मेइरासला पेनल्टी मिळाली आणि साओ पावलोने पुढे खेळायला नकार दिला. मैदान सोडलं ते समोरच्यांनी.

राहिलं 'देशाचे होत नाहीत'. ७ सप्टेंबर १९६५, ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन. बेलो होरिझोन्तेच्या मिनेइराव स्टेडियमच्या उद्घाटन सोहळ्यात ब्राझील विरुद्ध उरुग्वे. त्या दिवशी ब्राझीलची पिवळी जर्सी घालून उतरला तो अख्खा पाल्मेइरासचा संघ, बदली खेळाडूंसकट. प्रशिक्षकही त्यांचेच, फिल्पो नुन्येस, तेही अर्जेंटिनाचे. ब्राझील ३-० ने जिंकलं.

पुतण्याला सांगितलंय, तुझ्या ग्रुपवर निदान ही १९६५ ची मॅच तरी टाक.