मॅनिफोल्ड बदलून २० बीएचपी? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, स्विफ्टला ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड बसवतोय, गॅरेजवाला ३२ हजार म्हणतोय, निम्मे उद्या द्यायचेत, तू एकदा बघ ना." आणि पाठोपाठ तोच मेसेज, जो मला महिन्याभरात तीन जणांनी पाठवलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा पोचवणारा नळ्यांचा भाग). म्हणे कंपनी मुद्दाम इंजिनाचा गळा आवळून ठेवते, प्लास्टिकचा मॅनिफोल्ड म्हणजे निव्वळ पैसे वाचवणं, तो काढा आणि मोठ्या डब्याचा, आखूड नळ्यांचा, आतून आरशासारखा पॉलिश केलेला ॲल्युमिनियमचा बसवा, १५-२० बीएचपी (म्हणजे इंजिनाची ताकद) वाढतात, ॲव्हरेज २-३ नी वाढतं, एकदाच खर्च आणि नंतर बघायला नको.

मी हे सगळं २०१६ मध्ये माझ्या जुन्या स्विफ्टवर करून बघितलंय, २८ हजार घातलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितोय. कारण ही ३०-३५ हजारांची रक्कम बहुतेक वेळा नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांच्या खिशातून जाते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आधी २० बीएचपीचं बघू. पेट्रोल स्विफ्टचं ते जुनं १,१९७ सीसीचं चार सिलिंडरवालं इंजिन घ्या, कारण हा मेसेज सगळ्यात जास्त त्याच गाडीवाल्यांत फिरतोय. कंपनीचा आकडा ६,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) साधारण ८२ बीएचपी, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११३ न्यूटन मीटर, तो ४,००० च्या आसपास. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, यापलीकडे त्यात काही नाही. उलटा हिशोब केला तर ६,००० ला ८२ बीएचपी म्हणजे त्या वेळी टॉर्क फक्त ९७ न्यूटन मीटर असतो. आता २० वाढवून १०२ करा, त्याच ६,००० ला. टॉर्क लागतो १२१. म्हणजे इंजिनाचा जो सगळ्यात चांगला आकडा आहे, ४,००० ला मिळणारा ११३, त्याच्याही वर, आणि तोही अशा जागी जिथे सिलिंडर भरायला जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तोच, व्हॉल्व्ह तेच, हेड (सिलिंडरवरचं झाकण) तेच, एक्झॉस्ट तोच, नुसती हवेची नळी बदलली आणि जवळपास २५ टक्के हवा जास्त आत गेली, हे होत नाही भाऊ. टर्बो लावला तर होतं. नळीने नाही.

मग हे आकडे आले कुठून? बरेचसे अमेरिकेतल्या होंडाच्या के सिरीज इंजिनांच्या व्हिडिओंमधून. ती इंजिनं ८,००० आरपीएमपर्यंत पळवायला बनवलेली, त्यांचे कॅम वेगळे, हेड वेगळं, आणि तिथे मॅनिफोल्ड बदलून वरच्या आरपीएमला खरोखर फरक पडतो, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तो आकडा उचलून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या गाडीला चिकटवायचा, हे मला पटत नाही.

"कंपनी गळा आवळते." हा दावा तुम्ही घरी तपासू शकता, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. हजार रुपयांच्या आत ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) मिळतो, तो स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा, मोबाइलवर ॲप घ्या आणि त्यात मॅनिफोल्डचा दाब काढा. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी जो आकडा दिसतो तो बाहेरच्या हवेचा दाब. मुंबईत १०१ किलोपास्कलच्या जवळपास, पुणं ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे ९४-९५. आता शेजारी कुणाला तरी आकडा बघायला बसवून रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ५,५०० च्या आसपास दाब किती राहतो ते बघा. माझ्या गाडीत ९४ चे ९१ व्हायचे. म्हणजे फिल्टर, पाइप, थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) सगळं मिळून अडवणूक झाली ३ टक्क्यांची. ते सगळं काढून फेकलं आणि इंजिन उघड्या हवेत श्वास घ्यायला लागलं तरी जास्तीत जास्त अडीच बीएचपी मिळतील. हा आहे तो आवळलेला गळा! आणि जाता जाता, मुंबईहून पुण्याला आलात की हवा ६ टक्के विरळ होते, जवळपास ५ बीएचपी तिथेच जातात, खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला पोचलात की फुकट परत मिळतात. तो फरक आपल्यापैकी कितीजणांना जाणवतो?

कुणी म्हणेल, तो दाब मोजणारा सेन्सर मॅनिफोल्डच्या मधल्या डब्यात असतो, पुढच्या नळ्यांचं काय. बरोबर आहे, आणि खरी गंमत त्या नळ्यांतच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मॅनिफोल्ड म्हणजे एक डबा आणि त्यातून प्रत्येक सिलिंडरला जाणारी एकेक नळी, तिला रनर म्हणतात. पिस्टन खाली ओढला की नळीत एक ओढीची लाट तयार होते, ती डब्यापर्यंत जाते, तिथून उलटून दाबाची लाट होऊन परत येते, आणि ती जर व्हॉल्व्ह बंद व्हायच्या अगदी जरा आधी पोचली तर थोडी जास्तीची हवा आत ढकलून जाते. ही लाट आवाजाच्या वेगाने पळते, सेकंदाला साधारण ३५० मीटर, तिचा वेग काही तुमच्या आरपीएमप्रमाणे बदलत नाही. म्हणून नळी लांब असेल तर लाट उशिरा येते आणि कमी आरपीएमला जमून येतं, आखूड असेल तर लवकर येते आणि वरच्या आरपीएमला जमतं. एका ठरावीक लांबीची नळी दोन्हीकडे जमवू शकत नाही, कुठेतरी द्यायचं आणि कुठेतरी घ्यायचं. क्रायसलरने १९६० च्या ३०० एफमध्ये जवळपास ३० इंच लांब नळ्या दिल्या होत्या, मधल्या आरपीएमची ताकद वाढवायला, आणि ज्यांना टॉप स्पीड हवा त्यांच्यासाठी वेगळी आखूड रचना ठेवली होती. १९९१ ला ल मानची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी ला तर चालता चालता लांबी बदलणाऱ्या नळ्या होत्या. ज्यांच्याकडे पैशांची कमी नव्हती त्यांनाही दोन्ही एकाच नळीत मिळालं नाही.

आता तुम्ही गाडी कुठे चालवता ते बघा. मी स्वतःचं महिनाभर बघितलं होतं, ऑफिसला जाताना ३,००० च्या वर काटा क्वचित जायचा आणि ४,५०० च्या वर फक्त हायवेला ओव्हरटेक करताना. आखूड नळ्या बसवल्यावर माझी गाडी ५,००० च्या वर जरा खुलून पळायची, ते खरं आहे, आवाजही मस्त यायचा. पण खंबाटकीला चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन चढताना जिथे आधी तिसऱ्यावर निघून जायची तिथे दुसरा टाकावा लागायला लागला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. आणि आवाजाचं एक सांगतो, फिल्टरचा डबा उघडा केला की इंजिन घुमतं आणि त्या घुमण्यानेच आपल्याला वाटतं की गाडी पळतेय. घड्याळ लावून बघितलं तर माझी गाडी ४० ते ८० ला आधीपेक्षा हळू झाली होती.

प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम. ते प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नाही, काचेचे तंतू घातलेलं नायलॉन असतं. ते स्वस्त पडतं हे खरंच आहे, कंपनीचे पैसे त्यात वाचतात, पण इंजिनालाही त्याचा फायदा आहे. ॲल्युमिनियम त्याच्यापेक्षा शेकडो पट जास्त उष्णता वाहून नेतं आणि मॅनिफोल्ड बोल्टने थेट हेडला लागलेला असतो, जे ९० अंशाला तापलेलं असतं. कात्रजच्या ट्रॅफिकमधून येऊन बॉनेट उघडलं तर माझ्या त्या नव्या मॅनिफोल्डवर हात टेकवत नव्हता, कंपनीचा प्लास्टिकचा नुसता कोमट असायचा. आत जाणारी हवा १० अंशांनी तापली की ती ३ टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे वर जे अडीच बीएचपी मिळवायला निघालो होतो ते इथे गेले. पॉलिशबद्दल एवढंच की साच्यातून निघालेलं नायलॉन आतून मुळातच गुळगुळीत असतं, खरखरीत असतं ते ओतीव ॲल्युमिनियम. म्हणजे आधी खरखरीत बसवायचं आणि मग पैसे देऊन घासून घ्यायचं.

ॲव्हरेज वाढतं हे तर पूर्णच चूक. ५० च्या स्पीडला सरळ रस्त्यावर चालताना मॅनिफोल्डमधला दाब बघा, ३५-४० दिसेल. बाहेर ९४ आणि आत ४०, हवा कोण अडवतंय? तुमचा उजवा पाय, म्हणजे थ्रॉटलची झडप. बाकी अडथळा कमी केला तर झडप तेवढीच जराशी जास्त मिटलेली राहणार, पेट्रोल तेवढंच लागणार. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबलेले एअर फिल्टर लावून तपासलं होतं, ॲव्हरेजवर म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप मात्र मार खाल्ला. तुंबलेल्या फिल्टरने जे कमी होत नाही ते मॅनिफोल्ड बदलून वाढणार कसं?

राहिलं "एकदाच खर्च". माझं पहिल्या पंधरा दिवसांत सुरू झालं. सकाळी गाडी चालू केली की बारीक सिस्स असा आवाज, आयडल (उभ्या गाडीतला आरपीएम) ७५० वरून ११०० वर, मग चेक इंजिनचा दिवा, कोड पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गॅरेजवाल्याने फ्लँज (हेडला टेकणारी कड) सपाट केलेला नव्हता, गॅस्केटच्या कडेने हवा ओढली जात होती. दोनदा खोलून बसवला. त्यानंतर कळलं की या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डचा दाब वाचून आतल्या तक्त्यावरून हवा किती याचा अंदाज करतो, आणि तो तक्ता कंपनीच्या मॅनिफोल्डचा आहे. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारून घेतो, पण फुल ॲक्सिलरेटरला अशा गाड्यांत ईसीयू त्याचं बघत नाही, तक्त्यावरच चालतो. म्हणजे रीमॅप (तो तक्ता नव्याने लिहिणं) आला, त्याचे पैसे वेगळे. वॉरंटीत असलेल्या गाडीला हे करूच नका आणि इन्शुरन्सवाल्यालाही आधी विचारा. शेवटी मी जुना प्लास्टिकचा परत बसवला. तो फेकला नव्हता एवढंच नशीब.

कुठे उपयोग होतो? ट्रॅकसाठी गाडी बनवताय, कॅम बदललाय, हेडचं काम झालंय, स्वतंत्र ईसीयू आहे, तर मॅनिफोल्ड करायलाच हवा, पण सगळ्यात शेवटी. आणि जुनी डिझेल असेल, ते १,२४८ सीसीचं मल्टिजेट वगैरे, तर मॅनिफोल्ड बदलू नका, काढून साफ करून घ्या. ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि तेलाची वाफ मिळून आत डांबरासारखा थर बसतो, तो निघाला की गेलेला दम बराचसा परत येतो. बसवताना गॅस्केट नवीनच टाका, जुनं परत वापरू नका.

भाच्याने ॲडव्हान्स दिला नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं स्कॅनर घेऊन पौडच्या पुढे गेलो, तो चालवत होता, मी आकडा बघत होतो. इंजिन बंद असताना ९४, फुल ॲक्सिलरेटरला ८८. सहाचा फरक, माझ्या गाडीच्या दुप्पट. बाजूला घेऊन फिल्टरचा डबा उघडला तर आतला कागद मातीने काळा आणि एका कोपऱ्यात सुकलेली पानं, त्याला आठवतही नव्हतं शेवटचा कधी बदलला होता. परतताना पिरंगुटला पार्ट्सच्या दुकानातून नवीन फिल्टर घेतला, तिथेच बसवला आणि परत त्याच रस्त्यावर गेलो. ९१.