घड्याळ ०:१३ वरच होतं

आज पुन्हा कुणीतरी ती क्लिप टाकली. २३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटीचं अ‍ॅरोहेड स्टेडियम, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधला बाद फेरीचा (प्लेऑफ) सामना, आपले बफलो बिल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. वर मथळा काय, तर 'बिल्सचं नशीबच फुटकं'. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आणि क्लिप सुरू कुठून होते? ओव्हरटाइमच्या (बरोबरी सोडवायच्या जादा वेळेच्या) नाणेफेकीपासून! खुनाचं फुटेज कापून टाकायचं आणि नुसता पंचनामा दाखवायचा, तसला प्रकार.

नशीब म्हणे. आपल्या जॉश अ‍ॅलननं (क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू) 'टेल्स' म्हटलं, 'हेड्स' पडलं, चीफ्सना चेंडू मिळाला, ते ७५ यार्ड गेले, त्यांच्या ट्रॅव्हिस केल्सीनं आठ यार्डांचा टचडाउन घेतला (चेंडू गोलरेषेपलीकडे नेला), ४२-३६, खेळ खलास. अ‍ॅलनच्या हाताला ओव्हरटाइममध्ये चेंडू लागलाच नाही. हे सगळं खरं. पण मुळात ओव्हरटाइम आलाच कशाला, हे कुणी विचारतच नाही. तेरा सेकंद उरले होते आणि आपण ३६-३३ पुढे होतो. तेरा!

एकदा नीट मांडूनच टाकतो.

गेब्रियल डेव्हिसनं त्या दिवसातला चौथा टचडाउन घेतला तेव्हा घड्याळात ०:१३ होतं. मग आपला किकऑफ, म्हणजे गुण घेतल्यावर चेंडू समोरच्यांकडे मारून खेळ पुन्हा सुरू करणं. आपल्या किकरनं, टायलर बासनं, चेंडू थेट एंड झोनपार (गोलरेषेमागच्या पट्ट्यापार) मारला. टचबॅक. चीफ्सना चेंडू त्यांच्या २५ यार्डावर आणि घड्याळात किती? तेराच. किकऑफला घड्याळ सुरू होतं ते समोरच्यानं मैदानात चेंडूला हात लावल्यावर. टचबॅकमध्ये हातच लागत नाही, म्हणून सेकंदही जात नाही. म्हणजे आपल्याकडे वेळ खायची एक फुकटची संधी होती आणि आपण ती प्रेक्षकांत भिरकावली.

आता चीफ्सचं गणित बघा. फील्ड गोलचं (चेंडू लाथेनं खांबांमधून मारून तीन गुण) अंतर काढायचं तर चेंडू जिथे असेल तिथपासून गोलरेषेपर्यंतचे यार्ड, त्यात एंड झोनचे दहा, शिवाय स्नॅप (मागे दिलेला चेंडू) मागे जाऊन होल्डर तो किकसाठी टेकवतो ते सात-आठ. ढोबळमानानं सतरा-अठरा मिळवायचे. हॅरिसन बटकरसारख्या किकरला पन्नासच्या आतबाहेर चालतं. म्हणजे चीफ्सना आपल्या साधारण ३१ यार्डापर्यंत यायचं होतं. स्वतःच्या २५ पासून तिथवर ४४ यार्ड (मैदान शंभर यार्डांचं, आकडे दोन्ही गोलरेषांपासून मध्यापर्यंत मोजतात). पहिला पास टायरीक हिलला, १९ यार्ड, पाच सेकंद. टाइमआउट. दुसरा केल्सीला, २५ यार्ड, पुन्हा पाच सेकंद. टाइमआउट. उरले तीन. बटकर, ४९ यार्ड, ३६-३६. एकोणीस आणि पंचवीस, चव्वेचाळीस. बेरीज तोंडपाठ आहे.

मग त्याऐवजी काय मारायचं होतं? स्क्विब किक. लगेच कुणीतरी म्हणेल, 'स्क्विबमध्येही धोका असतोच.' असतो, मान्य. खुरटा, जमिनीवरून उड्या मारत जाणारा चेंडू पुढच्या फळीतल्या माणसाच्या अंगावर गेला तर तो नुसता त्याच्यावर झोपतो. वेळ जातो सेकंद-दोन सेकंद आणि चेंडू मिळतो चाळिशीच्या आसपास. बाजूरेषेबाहेर गेला तर थेट ४० यार्ड, तेही घड्याळ न हलता. पण तोच चेंडू फळीच्या मधून पंधरा-वीस यार्डापर्यंत घरंगळत गेला तर मागच्या माणसाला तो वाकून उचलावा लागतो, पळावं लागतं, दोघा-तिघांना चुकवावं लागतं. चार-पाच सेकंद तिथेच गेले. मग उरतात आठ. आठ सेकंदांत एक पास आणि एक किक. दोन पास बसतच नाहीत. अख्खा सामना या एका पासच्या फरकावर गेला, आणि लोक नाण्याच्या नावानं बोटं मोडतात.

स्क्विबची भीती वाटत होती तर उंच मारायचा होता, पाच-सात यार्डावर पडेल असा. तेव्हाच्या नियमात किकऑफ फेअर कॅच केला (पळणार नाही अशी खूण करून झेलला) तर जिथे झेलला तिथूनच खेळ सुरू व्हायचा. पंचवीसवर आणून ठेवायची सोय नंतर २०२३ साली आली. म्हणजे चीफ्सच्या माणसानं सातव्या यार्डावर शांतपणे झेलला तरी अठरा यार्ड आपल्या पदरात. पळाला तर सेकंद आपल्या पदरात. आता सरळ रेषेत पडणारा चेंडू मारणं बासला जमलं असतं का? व्यावसायिक किकर आहे हो, त्याला पगार त्याचाच मिळतो.

आपले तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडर्मट नंतर म्हणाले, अंमलबजावणी चुकली. कोणाची? कोणी काय सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नाही? गुळमुळीत. एवढ्या मोठ्या सामन्यानंतर 'अंमलबजावणी' हा शब्द म्हणजे आपल्याकडच्या 'तांत्रिक कारणास्तव' या पाटीचा सख्खा भाऊ.

आणि बचाव! त्या मोसमात यार्ड आणि गुण दोन्ही बाबतींत लीगमधला सगळ्यात कंजूष बचाव आपला होता. प्रशिक्षक लेस्ली फ्रेझरचा बचाव. मायका हाइड आणि जॉर्डन पॉयर, सेफ्टींची (सगळ्यात मागे राखण करणाऱ्यांची) याहून समजूतदार जोडी दाखवा. (बचावातला ट्रेडेव्हियस व्हाइट थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात गुडघा मोडून बाहेर होता. हो, त्यानं फरक पडला. पुढे.) आणि त्या बचावानं शेवटच्या दोन चालींत काय राखलं, तर खोलवरचा भाग आणि बाजूरेषा. मधला पट्टा सताड उघडा. बाजूरेषा राखतात कशासाठी? समोरच्यानं मैदानाबाहेर जाऊन घड्याळ थांबवू नये म्हणून. पण समोरच्याकडे टाइमआउट शिल्लक असताना त्याला बाहेर जायची गरजच काय? तो मधोमध झेलेल, तिथेच पडेल आणि हात वर करून टाइमआउट मागेल. त्यांनी नेमकं तेच केलं, दोनदा! शेवटच्या षटकात बारा धावा वाचवायच्या असताना नऊच्या नऊ जण सीमारेषेवर पाठवायचे आणि समोरचे दोन-दोन पळून काढतायत ते बघत बसायचं, तसं.

केल्सीच्या चालीत तर तो सुटला तेव्हा त्याच्या अंगाला कुणी बोटही लावलं नाही. नियमानं पहिल्या पाच यार्डांत रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) ढकलता येतं. छातीवर हात ठेवून त्याची दिशा बिघडवली तरी अर्धा-पाऊण सेकंद जातो आणि क्वार्टरबॅकचा ताल चुकतो. अगदीच नाही तर एकानं धरायचं. होल्डिंगचा दंड पाच यार्ड आणि नवा फर्स्ट डाउन (चालींची मोजणी पुन्हा पहिलीपासून), पण गेलेले चार सेकंद परत येत नाहीत. (सगळ्यांनी मिळून ठरवून धरलं तर पंच घड्याळ मागे लावतात, तेवढी अक्कल नियम लिहिणाऱ्यांना आहे.) आपले लोक दहा-बारा यार्ड मागे उभे. पाहुणा यावा आणि आपण दार उघडून बाजूला व्हावं, तसे.

चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स महान आहे, ठीक आहे. लिहिलं. झालं समाधान? दहा सेकंदांत ४४ यार्ड काढायला थंड डोकं लागतं, ते त्याच्याकडे आहे. पण रस्ता मोकळा आपण करून दिला.

आता नाणेफेकवाल्यांकडे वळू. नियम वाईट होता, त्यात वाद नाही. ज्याला आधी चेंडू मिळाला त्यानं टचडाउन केला की दुसऱ्या संघाला संधीच नाही, हा कसला न्याय? २०१९ च्या विश्वचषकात चौकार मोजून विजेता ठरवला तेव्हा आपण सगळे जे बोललो होतो तेच इथे लागू. मार्च २०२२ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी प्लेऑफसाठी नियम बदलला, दोघांनाही एकेकदा चेंडू मिळणार. २०२५ पासून साध्या मोसमातही. गंमत म्हणजे हाच बदल २०१९ साली मागितला होता चीफ्सनीच. तेव्हा न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनं त्यांना ओव्हरटाइममध्ये ३७-३१ नं हरवलं होतं आणि महोम्सला चेंडू मिळाला नव्हता. तेव्हा कुणी ऐकलं नाही. म्हणजे या बाबतीत चीफ्सवाल्यांची तक्रार आपल्याआधीची. दात ओठ खाऊन लिहितोय, पण खरं आहे.

पण मग हे सांगा: आपल्याला हरवल्यावर पुढच्याच आठवड्यात, ३० जानेवारीला, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध काय झालं? तेच मैदान, तोच ओव्हरटाइम, नाणेफेक पुन्हा चीफ्सनी जिंकली. महोम्सचा पास चोरला गेला, बेंगल्सनी फील्ड गोल मारला, २७-२४. त्याआधी चीफ्स २१-३ पुढे होते, बरं का. मग नाण्यानं त्यांना का नाही तारलं? बेंगल्सनी बचाव केला म्हणून.

आणि नवा नियम आला म्हणून सगळं सुटलं असंही नाही. आजच्या किकऑफच्या नियमात तर तेरा सेकंदांचं दुखणं वाढलंय. आता चेंडू गोलरेषा आणि वीस यार्डांच्या मधल्या पट्ट्यात पडावा लागतो. त्याच्या अलीकडे पडला तर थेट ४० यार्ड. म्हणजे जुना, पायाजवळूनच उड्या मारणारा स्क्विब संपला. आणि हवेतून एंड झोनमध्ये मारला तर २०२५ पासून टचबॅक ३५ वर. तोच सामना आज खेळला आणि बासनं तसाच मारला, तर चीफ्सना ४४ ऐवजी ३४ यार्ड पुरले असते. म्हणून म्हणतो, धडा नाण्याचा घेऊ नका, किकऑफचा घ्या. पट्ट्यात टाकायची तयारी आत्तापासून हवी, रोजच्या सरावात, शेवटच्या मिनिटाचं घड्याळ लावून.

बासवर राग काढू नका मात्र. एंड झोनपार मारायचा हे किकर ठरवत नाही, त्याला बाजूनं सांगितलं जातं. जानेवारी २०२४ मध्ये ऑर्चर्ड पार्कला, आपल्याच घरी, पुन्हा चीफ्सविरुद्ध, २७-२४ मागे असताना त्याची ४४ यार्डांची किक उजवीकडून गेली, तेव्हा लोकांनी त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की त्यानं समाजमाध्यमं बंद केली. मग दुसरी बिल्स माफिया (आपल्या चाहत्यांची फौज) जागी झाली आणि तो ज्या मांजरांच्या निवाऱ्यासाठी काम करायचा तिथे पैशांचा पाऊस पाडला. हीच आपली माणसं. सतरा वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ ३१ डिसेंबर २०१७ ला संपला तो बेंगल्सच्या अँडी डाल्टनच्या एका पासमुळे, बाल्टिमोरविरुद्ध (बाल्टिमोर हरलं म्हणून आपण आत). तर यांनी डाल्टनच्या धर्मादाय संस्थेला देणग्या पाठवल्या, कित्येकांनी सतरा-सतरा डॉलर. दुसऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकला! १९९१ मध्ये टँपाला सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) आपल्या स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक उजवीकडून गेली, जायंट्स २०-१९ नं जिंकले, आणि परतल्यावर बफलोच्या नायगारा स्क्वेअरमध्ये जमलेली गर्दी कुणाच्या नावानं ओरडत होती? नॉरवूडच्या. शिव्या नव्हेत, 'त्याला समोर आणा' म्हणून. हे आठवलं की रागाचा पारा आपोआप उतरतो. सलग चार सुपर बोल हरलेलं गाव आहे ते. बर्फ पडला की तासाला वीस डॉलर घेऊन स्टेडियममधला बर्फ उपसायला जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर तिकीट काढून बसतात.

म्हणूनच 'अ‍ॅलन मोठ्या सामन्यात आटतो' हे वाक्य ऐकलं की डोकं पुन्हा फिरतं. त्या रात्री ३२९ यार्ड, चार टचडाउन, एकही इंटरसेप्शन (चोरला गेलेला पास) नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात पॅट्रियट्सना ४७-१७ नं लोळवलं, त्या सामन्यात बिल्सना पंट (चाल अडल्यावर चेंडू लांब मारून देणं) करावाच लागला नाही. चीफ्सविरुद्ध त्या रात्री शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा आघाडी मिळवून दिली, त्यातली पहिली फोर्थ अँड थर्टीनला (चौथी म्हणजे शेवटची चाल, तेरा यार्ड बाकी). आणखी काय करायचं त्यानं, किकऑफही मारायचा?

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चीफ्सकडून हरलो त्या ३२-२९ बद्दल मात्र मी त्याला पूर्ण सोडणार नाही. चौथ्या क्वार्टरची सुरुवात, २२-२१ पुढे, चीफ्सच्या ४१ यार्डावर फोर्थ अँड वन, आणि पुन्हा तोच क्वार्टरबॅक स्नीक (क्वार्टरबॅकनं स्वतःच चेंडू घेऊन फळीत घुसणं), डावीकडे. दिवसभर तेच चाललं होतं, चीफ्सची फळी तिथेच वाट बघत दबा धरून बसली होती. दोन्ही बाजूंचे पंच वेगवेगळ्या जागी धावत आले आणि चेंडू ठेवला तो मागच्या जागी. ओरडा पंचांवर, मीही ओरडलो. पण चेंडू कुठे ठेवायचा हे दुसऱ्याच्या पावलावर सोडायचं नसेल तर एकदा तरी उजवीकडे जायचं, नाहीतर हातात चेंडू आहे असं भासवून कडेनं पळायचं. एका यार्डासाठी अ‍ॅलनसारखा पळणारा माणूस चौदा पायांच्या ढिगात घालायचा, ही चूक पंचांची नाही.

असो. तर क्लिप टाकणाऱ्यांना एकच विनंती. पुन्हा टाकायची असेल तर डेव्हिसच्या टचडाउनपासून सुरू करा. किकऑफच्या आधी घड्याळावर थांबवा, काय दिसतं बघा. मग चेंडू एंड झोनपार गेल्यावर परत थांबवा.