गरम हवं असेल तर शेगडी तिकडे आहे

गणपतीला महिना राहिला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन विषय सुरू होतात. कोणाला कुठल्या गाडीचं तिकीट मिळालं, यंदा मखर कोण करणार आणि खायला काय काय. पहिल्या दोन विषयांवर पुरुष मंडळी बोलतात. तिसऱ्यावर सगळेच बोलतात, आणि करतं कोण ते तुम्हाला माहीत आहे.

माझं सासर संगमेश्वर तालुक्यात. पाच दिवसांचा गणपती, घरात माणसं बावीस, स्वयंपाकघर एक, शेगडीला बर्नर दोन. मी १९९८ साली लग्न होऊन आले. तेव्हापासून पुढची वीस वर्षं गणपतीतल्या सकाळची माझी आठवण एकच आहे: कढई आणि झारा.

जरा हिशेब सांगते. गणपती बसलेला असेपर्यंत आमच्याकडे कांदा-लसूण नाही, त्यामुळे नाश्त्याला बटाटेपोहे. आमच्या कढईत एका वेळी सात-आठ जणांचे पोहे नीट होतात. त्याहून जास्त घातले की खालचे करपतात आणि वरचे पांढरेच राहतात. म्हणजे बावीस जणांचे तीन घाणे. पण बावीस माणसं एका वेळी उठतात कुठे? रात्री भजनं, मग आरत्या, मग पत्ते. म्हातारी माणसं पहाटे साडेपाचला उठून बसलेली, मुंबईची पोरं साडेनऊला डोळे चोळत येणार. आणि प्रत्येकाला पोहे 'गरमागरम' पाहिजेत. मग तीन घाण्यांचे पाच होतात. बावीस बश्या, बावीस चमचे, चहाचे कप (दोन-दोनदा), रोळी, कढई, खोबऱ्याची ताटली, लिंबाच्या फोडींची वाटी. शेवटची बशी विसळून पालथी घालेपर्यंत दहा वाजतात, आणि तोवर नैवेद्याच्या डाळीला शिट्टी लावायची वेळ झालेली असते.

यात दुसऱ्या दिवसाची गंमत तर वेगळीच. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, म्हणून नांगरटीशिवाय उगवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी. चांगली प्रथा आहे, आणि ती भाजी मला मनापासून आवडते. पण बैलाच्या कष्टाचा विचार करणाऱ्या त्याच दिवशी सकाळी उपाशी बाई बाकीच्यांसाठी चार-चार घाणे पोहे परतत उभी असते, हे मात्र इतक्या वर्षांत कोणाला खटकलं नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर.

खटकलं २०१९ साली. चतुर्थीच्या आठ दिवस आधी थोरल्या जाऊबाई अंगणातल्या शेवाळावर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. उरलो मी आणि नणंद, आणि नणंद यायची होती चतुर्थीच्या आदल्या रात्री. तेव्हा मी ठाण्याहून निघतानाच ठरवलं: सकाळी शेगडीवर फक्त चहा आणि दूध. बाकी जे काय असेल ते रात्रीच तयार.

पहिली प्रतिक्रिया सासूबाईंची. "म्हणजे शिळं?"

आता या एका शब्दाशी माझं भांडण आहे. आपल्याकडे प्रवासाला निघालं की आपण कौतुकाने दशम्या बांधून घेतो, धपाटे घेतो, गूळपोळ्या घेतो. डब्यातून दुसऱ्या दिवशी खाताना म्हणतो, वा, मुरल्यावर काय चव आली. तेच पदार्थ घरात, पाटावर बसून, दुसऱ्या दिवशी खाल्ले की शिळे? शिदोरी म्हटली की कौतुक आणि नाश्ता म्हटला की नाक मुरडायचं. मराठी स्वयंपाकात आधी करून ठेवायच्या पदार्थांचं अख्खं एक दालन आहे, आणि आपण त्याला एसटीच्या खिडकीपाशी बसवून ठेवलंय.

तर माझ्या पाच सकाळी कशा बसल्या ते सांगते. दरवर्षी थोडं इकडचं तिकडे होतं.

चतुर्थीच्या दिवशी प्रश्नच नसतो, पूजा आणि नैवेद्य होईपर्यंत मोठी माणसं चहावरच असतात. लहान मुलांना आणि गोळ्या घेणाऱ्यांना सातूचं पीठ, दूध आणि गूळ. एक वाटी, एक चमचा, संपलं.

पंचमीला दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात मळायची, तेलाचं मोहन घालायचं. निम्म्या पिठात गूळ आधी कोमट दुधात विरघळवून घ्यायचा, निम्म्यात तिखट, मीठ, ओवा, तीळ. दुधातल्या स्निग्धपणामुळे दुसऱ्या दिवशीही चामट होत नाहीत. मी त्या ठाण्याहून करून नेत नाही. चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीनंतर आम्ही तिघीचौघी बसून लाटतो, गप्पा मारत. सकाळच्या घाईत एकटीने शेगडीपाशी उभं राहणं आणि संध्याकाळी बसून चौघींनी लाटणं, यात फार फरक आहे. एक पथ्य मात्र पाळायचं: दशम्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. भाद्रपदातल्या दमट हवेत वाफ धरली की बुरशी यायला एक रात्र पुरते. आम्ही त्या सुपात फडक्यावर पसरतो, पंख्याखाली. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी (लसणीशिवाय, नाइलाज आहे), लोणचं आणि घरचं दही.

तिसऱ्या दिवशी दडपे पोहे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते घोळक्याला खायला घालण्यासाठी यापेक्षा शहाणा पदार्थ कोणी काढलेला नाही. पातळ पोहे, ओलं खोबरं, लिंबू, साखर, मीठ, कोथिंबीर. एरवी कांदा असतो, आम्ही त्या जागी तवसं, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, घालतो. गणपतीत परसात तवशी लोंबत असतातच. ते कोचवून घातलं की त्याच्याच पाण्यात पोहे भिजतात, नारळाच्या पाण्याचा हबका मारायचीही गरज उरत नाही. बावीस जणांना सव्वा किलो पोहे, तीन मोठे नारळ, दोन मध्यम तवशी, सात-आठ लिंबं. खोबरं रात्रीच खवून फ्रिजमध्ये. फोडणी रात्रीच करायची, मोहरी-हिंग-हळद आणि तळलेल्या सांडगी मिरच्या तेलासकट बरणीत. सकाळी परातीत सगळं हाताने कालवायचं, दुसरी परात पालथी घालायची आणि वर पाट्याचा वरवंटा. अर्धा तास दडपून ठेवायचं, नाव त्यावरूनच पडलं असावं. शेगडी पेटवायचीच नाही. आणि गंमत म्हणजे हे गरम नसतातच, त्यामुळे 'गार झाले' अशी तक्रार करायला कोणाला जागाच राहत नाही. साडेनऊला उठणाऱ्याला उलट जास्त मुरलेले मिळतात. पोहे सर्द झालेले नकोत एवढं बघा, नाहीतर चिखल होतो. पोह्याचा पापड भाजून ज्याने त्याने आपल्या पानात चुरून घ्यावा, परातीत आधीच चुरला तर मऊ पडतो.

चौथ्या दिवशी इडली. बँकेत माझ्या शेजारी अनेक वर्षं एक तमिळ सहकारी बसायच्या. त्यांच्याकडे रेल्वेच्या प्रवासाला निघताना इडल्या करतात आणि गार झाल्या की प्रत्येक इडलीला दोन्ही बाजूंनी तिळाच्या तेलात कालवलेली कोरडी मिरचीची पूड चोपडतात. तेलाच्या थराने इडली सुकत नाही, चटणी-सांबार वेगळं न्यायला नको, बश्या नकोत. एक डबा, झालं. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मनात म्हटलं, ही आपल्या कोकणातल्या बाईला का नाही सुचली? दीड किलो तांदूळ, अर्धा किलो उडीद डाळ, शंभरच्या आसपास इडल्या होतात. तिसऱ्या दिवशी रात्रीच वाफवायच्या. इडलीपात्रात ओलं पातळ फडकं घालून त्यावर पीठ ओतलं की पात्र घासायला लागत नाही, फडकं धुतलं की काम झालं. ही युक्ती ज्या बाईने पहिल्यांदा केली तिचा मी कुठेतरी पुतळा उभारीन. सकाळी ज्याला फोडणीची पाहिजे त्याने हाताने कुस्करून फोडणीला टाकावी, माझी हरकत नाही.

पाचव्या दिवशी विसर्जनाची गडबड. उरलेल्या दशम्या, लाडू, चिवडा, केळी. कधी हळदीची पानं भरपूर असतील तर आदल्या रात्री वाफवलेल्या पातोळ्या. पातोळीचं पान हीच बशी, हे मला फार आवडतं.

फोडणीचा भात मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. रात्रीचा भात टोपात तसाच ओट्यावर राहतो आणि सकाळी फोडणीला पडतो, ही सवय घरोघरी आहे. पण भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, ऊबदार भातात रात्रभर वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेलेला भात असेल तर खुशाल करा. बावीस जणांच्या घरात रात्री अकराला फ्रिजमध्ये टोप मावत नाही, म्हणून आमच्याकडे बंद. नारळाची ओली चटणीही तशीच. ती रात्री वाटून ठेवायची नाही.

आता भांडी. मी फक्त पदार्थ बदलले असते तर निम्मंच काम कमी झालं असतं. बश्या बंद केल्या. परसातल्या केळीची पानं आदल्या संध्याकाळी कापून, पुसून, वीतभर तुकडे करून टोपलीत ठेवतात, आणि हे काम पुतण्यांचं. खाऊन झालं की पान गोठ्यात, गाय आनंदाने खाते. थर्माकोलच्या ताटल्या आमच्याकडेही एका वर्षी आल्या होत्या, ते २०१८ च्या बंदीच्या आधीचं. पऱ्ह्यात तरंगताना दिसल्या तेव्हा सासऱ्यांनी जे तोंड सोडलं ते इथे लिहिता येणार नाही. चहाला प्रत्येकाचा एक कप, कानाला रंगीत दोरा बांधलेला. पाच दिवस तोच कप, आपला आपण विसळायचा. लाल दोरा सासूबाईंचा. आणि चहा एकदाच, मोठ्या थर्मासमध्ये. ताजा पाहिजे असेल त्याने दूध तापवावं.

नव्या पिढीकडूनही सूचना आल्या. पुतणीने एका वर्षी ओट्स रात्री दुधात भिजवून काचेच्या बाटल्यांत भरले, वर आंब्याचा रस, दिसायला देखणे. सासूबाईंनी चाखून विचारलं, "हे दहीपोह्यांसारखंच की गं, मग पोहे का नाही घेतलेस?" चवीला चांगले होते, मी दोन खाल्ले. पण बारीक तोंडाच्या बारा बाटल्या आतून घासायला जो पाऊण तास गेला तो पुतणीला अजून आठवतो, कारण घासायला तिलाच बसवलं होतं. मिसळीचा आग्रह धरणारे एक चुलत दीर आहेत. मिसळ मला प्राणप्रिय आहे, पण माणशी वाटी, ताटली, चमचा आणि सगळ्याला तर्रीचा तेलकट थर, तो नळाच्या गार पाण्याने जातच नाही. मिसळ खायची तर ती दुसऱ्याच्या हॉटेलात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या वर्षी धाकटे दीर पानावरची दशमी बघून म्हणाले, "वहिनी, जरा गरम असती तर." मी म्हटलं, "भावोजी, तवा तिथेच आहे आणि शेगडी तिकडे आहे." ते खरंच उठले. स्वतःची दशमी तुपावर गरम केली. मग त्यांच्या मुलाने मागितली, मग आत्याने, मग पडवीतून दोन आवाज आले, "मलापण एक." पाऊण तास ते तव्यापाशी उभे होते, घामाने डबडबलेले, आणि मी पडवीच्या पायरीवर बसून चहा पीत होते. जाऊबाई प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून माझ्याशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "एकवीस वर्षं या घरात येत्येस, गणपतीत सकाळी या पायरीवर ऊन कुठपर्यंत येतं ते बघितलंस का कधी?" मी बघितलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं, आणि त्या माझ्याआधी सहा वर्षं आलेल्या.

सासूबाई मात्र अजूनही 'शिळं' म्हणतात. म्हणतात आणि गुळाच्या दोन दशम्या दह्याशी खातात.

काल रात्री ग्रुपवर त्याच दिरांचा मेसेज आला: "यंदा दशम्यांची कणीक मी मळतो. किलोला दूध किती?" मी लिहिलं, अर्धा लिटर घेऊन बसा, पुढे हाताला लागेल तसं. गुळाच्या पिठाला त्याहून कमी, गूळ पाणी सोडतो. त्यावर त्यांचा प्रश्न: "हाताला लागेल तसं म्हणजे किती मिली?"